सरहद्दीचें गांव

मागच्या वर्षीं उत्तर कोंकणच्या इतिहासावर वर्गांत व्याख्यान चाललें असतां आम्हीं विद्यार्थ्यांना सहज विचारलें, आपापल्या गांवाचा इतिहास कोणाकोणास ठाऊक आहे? वसईच्या मुलानें किल्ल्याचें नांव घेतलें. कल्याणच्या मुलीनें दुर्गाडीचें घेतलें. शेवटच्या बांकावरचा एक विद्यार्थी मात्र गप्प होता. त्यास विचारतां तो उठून म्हणाला, "सर, माझें गांव पूर्णा, भिवंडी तालुका. आमच्या गांवाला इतिहास नाहीं. आमच्याकडे गोदामें आहेत." वर्ग हंसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों. घरीं परततांना मात्र त्या हंसण्याची आम्हांस लाज वाटूं लागली. ज्या मनुष्याचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा, त्यानें अशा उत्तरावर हंसावें हें कांहीं त्याच्या विद्येस भूषणावह नव्हे. त्या विद्यार्थ्यास द्यावयाचें उत्तर पुढें आम्ही हळूहळू जमवीत गेलों. तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें गांव आहे कोठें तें सांगितलें पाहिजे. पूर्णा म्हटलें कीं वऱ्हाडांतील वाचकांस नदी आठवेल आणि मराठवाड्यांतील वाचकांस रेल्वेचें जंक्शन. आमचें पूर्णा तें नव्हे. ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्यानें भिवंडीकडे निघालें म्हणजे बाळकुमच्या पुढें खाडी आडवी येते. पूल ओलांडला कीं कशेळी, मग काल्हेर, त्यानंतर पूर्णा, आणि पुढें राहनाळवरून रस्ता भिवंडींत शिरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांस आज पत्र्याच्या छपरांचीं लांबच लांब गोदामें आहेत व त्यांच्या दारांत मालमोटारींच्या रांगा आहेत. या रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशाचें लक्ष वाहनांच्या गर्दीकडे असतें. आपण नुकतीच एक जुनी सरहद्द ओलांडली, हें त्याच्या ध्यानींमनींहि येत नाहीं.

ती सरहद्द म्हणजे ही खाडी. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांत सह्याद्रींत उगम पावून कर्जत-बदलापुरावरून कल्याणास येते. तेथें तिला काळू मिळते, आणि त्यापुढें ती नदी न राहतां खाडी होते. ठाण्यापाशीं या पाण्यास दोन वाटा फुटतात. थोरली वाट घोडबंदरावरून वसईस जाऊन समुद्रास मिळते. धाकटी वाट ठाणें शहराच्या पूर्वेनें दक्षिणेस वळून मुंबईच्या बंदरांत उतरते. या दोन वाटांच्या पश्चिमेस साष्टीचें बेट आहे. आणि वाटा जेथें फुटतात त्याच्या समोर, मुख्य भूमीचा जो कोपरा पाण्यांत पुढें आला आहे, त्याच्या आश्रयानें कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूर हीं गांवें वसलीं आहेत. भिवंडीवरून येणारी कामवारी नदीहि याच खाडीस मिळते. जमीन सखल, उधाणाची भरती शेतांत शिरण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून मातीचे बांध घालावे, पावसाचें पाणी बाहेर सोडण्यास त्यांत उघाडी ठेवावी, आणि बांधास खांड पडली तर रात्रीं-अपरात्रीं साऱ्या गांवानें धांवून ती बुजवावी, हा येथील आगरी व कोळी लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. बांधाच्या आंत भात. बाहेर मीठ आणि मासळी. ज्या भूमीचें अर्धें अस्तित्व मनुष्यांच्या हातांनीं राखलेलें आहे, तिला इतिहास नाहीं असें म्हणणें मुळांतच चुकीचें आहे.

परंतु बांधांचा इतिहास कागदांत येत नाहीं; कागदांत येतो तो राज्यांचा. आणि राज्यांच्या दृष्टीनें खाडी ही फार सोयीची वस्तु. होडीवाल्यास ती रस्ता असते. राजास ती रेघ असते. या पाण्याच्या वाटेवर राजसत्तेनें हात ठेवल्याचा दाखला इसवी सनाच्या पहिल्या शतकाइतका जुना आहे. पेरिप्लस या ग्रीक भाषेंतील व्यापारी मार्गदर्शिकेंत कल्याण बंदराचें वर्णन आहे. पूर्वीं तें कायदेशीर बाजारपेठेचें बंदर होतें. पुढें सत्ता बदलली, व्यापारास अडथळा आला, आणि तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात, असें तो लेखक सांगतो. दोन राजवटींच्या चढाओढींत बंदर बंद पडतें आणि जहाजांची वाट बदलते, ही गोष्ट या खाडीनें तेव्हांपासून पाहिली आहे. पुढें शिलाहारांच्या काळीं मात्र दोन्ही कांठ एका छत्राखालीं होते. ठाणें म्हणजे त्यांचें श्रीस्थानक, आणि भिवंडी तालुक्यांतील लोनाडचें शिवमंदिर व तेथील शिलालेख हे त्याच राजवटीचे. तेव्हां या पाण्याची रेघ झाली नव्हती.

ती रेघ ओढली गेली १५३४ सालीं. गुजराथचा सुलतान बहादुरशहा मोगलांच्या धाकानें पेंचांत आला होता. त्यानें त्या वर्षाच्या डिसेंबरांत तह करून वसई व तिच्या ताब्यांतील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. साष्टी त्यांतच गेली. खाडीच्या पश्चिमेस फिरंगाण सुरू झालें. पूर्वेस प्रथम अहमदनगरची निजामशाही. ती बुडाल्यावर १६३६ च्या तहानें विजापूरची आदिलशाही. आणि १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली तेव्हांपासून मराठे. मध्यंतरीं मोगलहि येऊन गेले. अर्थात् पूर्वेकडचे धनी बदलत राहिले, पण पाण्याची रेघ दोनशें वर्षें जागची हलली नाहीं.

सरहद्दीवर राहणें म्हणजे काय, याचा एक बोलका प्रसंग याच काळांतला आहे. महाराजांनीं कल्याण-भिवंडीच्या बाजूस जहाजें बांधण्यास आरंभ केला. लांकूड जवळच्या रानांत होतें, खाडी दारांत होती, पण मोठीं लढाऊ जहाजें बांधण्याची विद्या फिरंग्यांकडे होती. म्हणून रुई लैतांव व्हिएगश नांवाच्या पोर्तुगीजास व त्याच्या माणसांस कामावर ठेवलें. हीं जहाजें तयार झालीं तर उद्यां आपल्याच वाटेवर येतील, हें वसईच्या फिरंगी अधिकाऱ्यांनीं ओळखलें. त्यांनीं १६५९ सालीं या मंडळींस निरोप पाठवून फितविलें, आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. मराठ्यांचें आरमार त्यानें थांबलें नाहीं, हें आपण जाणतोंच. आम्हांस यांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. ज्या खाडीच्या एका कांठीं आरमाराचा पाया घातला जात होता, तिच्याच दुसऱ्या मुखाशीं तें आरमार होऊं नये म्हणून खटपट चालली होती, आणि एक निरोप्या भरतीच्या वेळीं होडींत बसून एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत सहज जात होता.

माणसें अशीच जातयेत असत. साष्टींतील हिंदूंच्या देवळांवर व धर्मविधींवर फिरंगी अंमलांत बंधनें आलीं, तेव्हां पुष्कळ कुटुंबांनीं पूर्वेचा कांठ धरला. जे मागें राहून ख्रिस्ती झाले तेहि आपली मराठी बोली विसरले नाहींत. एकाच बोलीचीं, एकाच शेताभाताचीं माणसें दोन राज्यांचीं झालीं. पण परस्परांस परकीं झालीं नाहींत. पूर्णा गांवाच्या शेजारच्या अंजूरचे नाईक हें या गोष्टीचें ठळक उदाहरण. गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे भाऊबंद यांनीं साष्टी सोडविण्याचा ध्यास घेऊन पेशव्यांकडे वर्षानुवर्षें खेपा घातल्या. खाडीच्या वाटा, ठाण्यांतील बंदोबस्त, कोण माणूस कोणत्या बाजूचा, ही सर्व माहिती पुरविली. साष्टीची बखर म्हणून जी प्रसिद्ध आहे तींत या कामगिरीची हकीकत आली आहे. पुण्यांत बसून हें ज्ञान कोणास झालें नसतें. उतार कोठें आहे, ओहोटी केव्हां लागते, हें कांठावरच्या मनुष्यासच ठाऊक असतें.

मार्च १७३७ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजा खाडी उतरल्या. ठाण्याच्या नव्या किल्ल्याचें बांधकाम पोर्तुगीजांच्या हातून अजून पुरें झालेलें नव्हतें. तो किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, आणि मे १७३९ मध्यें वसई पडली. भिवंडी तालुक्यांतील वज्रेश्वरीचें देऊळ हें त्या मोहिमेंत चिमाजी अप्पांनीं केलेल्या नवसाची फेड म्हणून बांधलें गेलें, असें सांगतात. लढाईचें वर्णन शाळेच्या पुस्तकांत आहे, तें येथें पुन्हां नको. आमच्या विषयास उपयोगी तें एवढेंच कीं, दोनशें वर्षांनीं खाडीचे दोन्ही कांठ पुन्हां एका राज्यांत आले.

हें सुख पस्तीस वर्षें टिकलें. पेशव्यांच्या घरांत नारायणरावांच्या खुनानंतर दुही माजली, ती संधि मुंबईच्या इंग्रजांनीं साधली. जनरल गॉर्डन याच्या सैन्यानें ठाण्याच्या किल्ल्यास वेढा घातला. वेढ्यांत इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन पडला. आणि २८ डिसेंबर १७७४ रोजीं किल्ला गेला. त्यामागून आलेल्या युद्धांत इंग्रजांनीं खाडी ओलांडून कल्याण घेतलें, आणि डिसेंबर १७८० मध्यें भिवंडी तालुक्यांतच दुगाडजवळ लढाई होऊन मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश धारातीर्थीं पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई-कल्याण पेशव्यांस परत मिळालें. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे दिल्ली-कलकत्त्याच्या राजकारणाचा हिशोब होऊन शेवटीं रेघ पुन्हां त्याच पाण्यावर आली. त्या तहांत पूर्णा गांवाचें नांव नाहीं; पण तह झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं बाळकुमचा मामा इंग्रजी मुलखांत होता आणि पूर्णा येथला भाचा पेशवाईंत.

या दुसऱ्या सरहद्दीची सर्वांत प्रसिद्ध कथा त्रिंबकजी डेंगळ्याची. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ सालीं पंढरपुरास खून झाला. त्याचा ठपका पेशव्यांच्या या मर्जींतल्या कारभाऱ्यावर आला, आणि इंग्रजांनीं त्यास ठाण्याच्या किल्ल्यांत कोंडलें. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. किल्ल्याबाहेर एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मोतद्दार खरारा करतां करतां मराठींत गाणीं गाई. पहारेकऱ्यांना तें नुसतें गाणें वाटे, आणि आंतल्या कैद्यास त्यांत पळण्याचा बेत ऐकूं येई, अशी हकीकत पुढें बिशप हेबर यानें नोंदविली आहे. सप्टेंबर १८१६ मध्यें पावसाच्या एका रात्रीं त्रिंबकजी निसटला. ठाण्याचीच कैद फुटली याचें कारण उघड आहे. ठाणें हें कंपनीच्या मुलखाचें टोंक होतें. पाण्यापलीकडे पेशव्यांचें राज्य होतें, आणि त्या राज्याची भाषा पहारेकऱ्यांस येत नव्हती. या पलायनाची परिणति जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत झाली. उत्तर कोंकण इंग्रजांकडे गेलें. खाडीची रेघ पुन्हां पुसली. या वेळीं मात्र ती पुसली ती आपलें राज्य बुडून.

इंग्रजी अंमलांत दोन्ही कांठ एकाच जिल्ह्यांत आले. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली, पुढल्याच वर्षीं खाडीवरून कल्याणास गेली, आणि भिवंडीची बाजू रेल्वेच्या थोरल्या वाटेपासून दूर राहिली. १८९२ पासून तानसा तलावाचें पाणी भिवंडी तालुक्यांतून नळांनीं मुंबईस जाऊं लागलें. भिवंडी शहरांत हातमाग होते, विसाव्या शतकांत यंत्रमाग आले. पूर्णा व शेजारचीं गांवें मात्र भात, मीठ व मासळी यांवरच राहिलीं. सरहद्द गेली तशी त्यांची आठवणहि राज्यकर्त्यांस उरली नाहीं.

येथें क्षणभर दूरच्या एका देशाकडे पाहूं. स्वीडनच्या पश्चिमेस, वेर्मलांड प्रांतांत, नॉर्वेच्या सीमेला लागून एडा नांवाचा एक ग्रामीण परगणा आहे. जंगलें, तळीं, विरळ वस्ती. तेथें सतराव्या शतकापासून तटबंदी होती, कारण दोन राज्यांच्या फौजांची ती येण्याजाण्याची वाट. पुढें १८१४ त दोन्ही देश एका राजाखालीं आले, आणि १९०५ सालीं कार्लस्टाड येथें वाटाघाटी होऊन युद्धाशिवाय वेगळे झाले. सीमेलगतची पट्टी निःशस्त्र ठेवावी असें ठरलें. १९१४ मध्यें, युरोपांत महायुद्धाचा भडका उडाला त्याच महिन्यांत, या सीमेवर शंभर वर्षांच्या शांतीचें स्मारक उघडलें गेलें. आज तेथें किल्ल्याचें काम उरलेलें नाहीं. काम आहे तें दुकानांचें. नॉर्वेंत कर जास्त, जिन्नस महाग. म्हणून तिकडचे लोक सीमा ओलांडून शार्लोटेनबेर्ग या एडांतील गांवीं बाजारास येतात. फौजेनें सोडलेली रेघ व्यापारानें धरली. आम्हांस हा परगणा आठवला तो यासाठीं कीं, हेंच आमच्या खाडीवरहि घडलें आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० व १९५७ सालीं मुंबईची हद्द वाढत वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत आली. १९८२ मध्यें ठाण्याची महानगरपालिका झाली. या शहरांच्या वेशीवर जकात होती. माल शहरांत शिरला कीं कर. वेशीबाहेर राहिला तर नाहीं. मग देशभरचा माल मुंबईच्या अगदीं जवळ, पण जकातीच्या बाहेर, कोठें उतरवावा? याचें उत्तर नकाशावर बोट ठेवून देतां येईल. महामार्गाच्या कडेला, खाडीच्या पूर्वेस, जेथें ग्रामपंचायतीचा कारभार आणि सखल, स्वस्त शेतजमीन आहे, तेथें. पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ, दापोडें, माणकोली या गांवांत गोदामें उभीं राहिलीं तीं कोणा एका व्यापाऱ्याच्या लहरीनें नव्हेत. १५३४ त जी रेघ सुलतानानें दिली, १७८२ त जी सालबाईस ठरली, तिच्याच जवळपास विसाव्या शतकांत जकात नाक्यांची रेघ आली, आणि गांवाचें नशीब तिसऱ्यांदा तिच्यावर लिहिलें गेलें. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. रेघ पुन्हां पुसली. गोदामें मात्र राहिलीं, वाढलींहि, कारण आतां रस्ते, मजूर व व्यापार यांची घडी तेथेंच बसली होती.

तेव्हां "आमच्याकडे गोदामें आहेत" हें त्या विद्यार्थ्याचें वाक्य इतिहासाच्या अभावाचें नव्हतें; इतिहासाच्या शेवटच्या प्रकरणाचें होतें. यांत गांवाचें केवळ नुकसानच झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. जमिनीस किंमत आली, भाडें मिळूं लागलें, घरें पक्कीं झालीं, मुलें महाविद्यालयांत आलीं. तो विद्यार्थी आमच्या वर्गांत बसला तोहि त्यामुळेंच. ज्या बापानें गुडघाभर चिखलांत आयुष्य काढलें त्यानें शेत विकलें किंवा भाड्यानें दिलें, तर पंख्याखालीं बसून त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तथापि एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. भराव घालून जमीन उंच केली म्हणजे बांध नाहीसा होतो, उघाडी बुजते, आणि पावसाचें पाणी ज्या वाटेनें खाडीस जाई ती वाट बंद होते. मग तें पाणी रस्त्यावर आणि घरांत येतें. बांध कोणी व कोठें घातले होते, याचें ज्ञान गेलें म्हणजे पुराचें कारणहि कळेनासें होतें. जुन्या गोष्टींची आवड म्हणून नव्हे, तर जगण्याची सोय म्हणून हें ज्ञान टिकविलें पाहिजे.

राजांच्या रेघा तहनाम्यांत सुरक्षित आहेत. त्यांची काळजी दप्तरखान्यांनीं करावी. पण बांधांचीं नांवें, शेतांचीं नांवें, होडी लागण्याच्या जागा, खाडीपलीकडच्या सोयरिकी, हीं कोणत्याहि दप्तरांत नाहींत. तीं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं आहेत, आणि आणखी दहापंधरा वर्षांत तीं तेथेंहि राहणार नाहींत. आम्हीं त्या विद्यार्थ्यास एवढेंच काम दिलें, कीं सुटींत घरच्या वडील माणसांस विचारून जें मिळेल तें लिहून आण. तो आपल्या आजीशेजारीं बसून वहीचीं चार पानें भरून घेऊन आला. त्यांत शेतांचीं नांवें होतीं, एका फुटलेल्या बांधाची हकीकत होती, आणि पूल नव्हता त्या काळीं आजीच्या माहेरचीं माणसें कोणत्या जागीं होडींतून उतरत तें लिहिलेलें होतें. ती जागा आज एका गोदामाच्या भिंतीमागें आहे, असें त्यानें खालीं कंसांत नमूद केलें होतें.

तीं पानें आम्हीं वर्गांत वाचून दाखविलीं. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें गांव अशाच एखाद्या खाडीकांठीं, घाटमाथ्यावर अथवा वेशीवर असेल, त्यांनीं येत्या सुटींत चार पानें लिहावीं, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.